भात बंद करण्याआधी

वजन कमी करायचं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भात बंद केलाय." काही जण त्यापुढे "आणि बटाटाही" असं जोडतात. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या पंचेचाळिशीच्या एका ताईंनी तर भात, पोळी, भाकरी सगळंच सोडलं होतं. बारा दिवसांत काटा साडेतीन किलोंनी खाली आला. घरात कौतुक झालं, मैत्रिणींनी कृती विचारली. मग पुतण्याचं लग्न आलं. हळद, लग्न, सत्यनारायण असे चार दिवस सगळ्यांबरोबर पंगतीत जेवण झालं आणि त्यातले अडीच किलो परत आले. "माझ्या शरीरातच काहीतरी खोट आहे," म्हणत त्या रडल्या.

खोट काही नव्हती. आपण खातो त्या कर्बोदकांचा काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ३०० ते ४०० ग्रॅम. हा साठा कोरडा नसतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. कर्बोदकं एकदम तोडली की चार-पाच दिवसांत हा साठा ओसरतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे निघून जातं. इन्सुलिनची पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात, त्याच्याबरोबर आणखी पाणी जातं. ताईंचे साडेतीन किलो बव्हंशी असे गेले होते आणि तसेच परत आले. अडीच किलो चरबी चार दिवसांत चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर सुमारे १९ हजार कॅलरी खाव्या लागतील. लग्नाच्या पंगतीत कितीही आग्रह झाला तरी एवढं कुणी खात नाही.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग इन्सुलिनचं काय? इन्सुलिन वाढलं की चरबी जळत नाही म्हणतात ना?"

हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्यावर लोक स्वतःचे फार हाल करून घेतात. भाकरी, भात, केळं, साखर यांतल्या कर्बोदकांची पचनात ग्लुकोज होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायूंना साखर आत घ्यायला लावतं, यकृताला ग्लायकोजेन साठवायला सांगतं आणि चरबीच्या पेशींना सांगतं, आत्ता बाहेरून माल आला आहे, तुमचा साठा सोडू नका. म्हणजे जेवणानंतरचे काही तास चरबी बाहेर पडण्याचा वेग खरोखरच मंदावतो. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

पण दिवस चोवीस तासांचा असतो. जेवणानंतर जी चरबी थांबली ती दोन जेवणांच्या मधल्या वेळात आणि रात्री झोपेत बाहेर येते. हिशेब दिवसाचा, आठवड्याचा लागतो. इन्सुलिन हाच एकमेव पहारेकरी असता तर काही गोष्टींचा उलगडाच झाला नसता. डाळ, दूध, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांनीही इन्सुलिन वाढतं, तरी प्रथिनं नीट खाणाऱ्यांचं वजन सहसा आटोक्यात राहतं. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही इंजेक्शनं हल्ली घरोघरी चर्चेत आहेत. ती जेवणानंतरचं इन्सुलिन वाढवण्याचं काम करतात, तरीही माणसाचं वजन उतरतं, कारण ती भूक कमी करतात.

याची थेट परीक्षाही झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी १९ स्थूल माणसांना वॉर्डात ठेवून त्यांच्या आहारातली सारख्याच कॅलरींची कपात दोन तऱ्हांनी केली, एकदा कर्बोदकं कमी करून, एकदा स्निग्ध पदार्थ कमी करून. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. कर्बोदकं तोडली तेव्हा इन्सुलिन २२ टक्क्यांनी घटलं, तरी शरीरातली चरबी जास्त घटली ती स्निग्ध पदार्थ तोडले तेव्हा. हा प्रयोग काही दिवसांचा होता, म्हणून त्यावरून तूप बंद करा असं मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातला ६०९ जणांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकं खाणाऱ्या गटाचं वजन सरासरी ६ किलोंनी उतरलं, कमी स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांचं ५.३ किलोंनी. फरक नगण्य. कुणाचं शरीर जास्त इन्सुलिन सोडतं हे आधी तपासून ठेवलं होतं, त्यावरूनही कुणाला कोणता आहार लागू पडेल हे सांगता आलं नाही. दोन्ही गटांना एक गोष्ट सारखी सांगितली होती : साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवून खा.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. भात सोडणाऱ्याचं वजन उतरतं तेव्हा भाताबरोबर आणखी काय काय गेलं हे बघा. चहाबरोबरची बिस्किटं, खारी, टोस्ट गेले. चार वाजताचा चिवडा गेला. शिरा गेला. आणि पोट भरायला म्हणून उसळ, अंडं, पनीर, ताक आलं.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोहोचवलेली दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत अनेकांनी करून पाहिली. तिचा पाया दर खाण्याला इन्सुलिन सुटतं हाच आहे. ज्यांना ती मानवली त्यांचं मधलं सगळं चरणं थांबलं, आणि हा फायदा लहान नाही. दोन वेळा जेवून पोट शांत राहत असेल तर जरूर करा. पण दुपारी एकला जेवून रात्री आठला भुकेनं हात थरथरत असतील, आणि मग ताटावर तुटून पडत असाल, तर तीन वेळा मोजकं जेवणं तुमच्यासाठी बरं. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

इन्सुलिनचा एक प्रश्न मात्र आपल्याकडे खरोखर गंभीर आहे, तो म्हणजे इन्सुलिन रोध. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओततं आणि एक दिवस थकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर या विषयावर काम केलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसायला सडपातळ असतो, पण स्नायू कमी, पोटात चरबी जास्त. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त वजन मानतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायला सांगतात. मानेवर मळासारखा दिसणारा, घासून न जाणारा काळेपणा, अनियमित पाळी, सोनोग्राफीत दिसलेलं 'फॅटी लिव्हर' ही इन्सुलिन रोधाची चिन्हं असू शकतात. मुलीच्या मानेवरचा काळेपणा घासून काढायला साबण आणण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या.

अशा शरीरात कर्बोदकांचा भार कमी करण्याला नक्की अर्थ आहे. देशभर झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून फक्त १२ टक्क्यांच्या आसपास. मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर गेले आहेत. त्याच पाहणीच्या आधारे तज्ज्ञांनी सुचवलं ते साधं आहे : कर्बोदकांचा थोडा हिस्सा काढा आणि त्याजागी डाळी-कडधान्यांची किंवा दुधातली प्रथिनं आणा. कर्बोदकं शून्यावर आणायला कुणी सांगितलेलं नाही.

आता आपलं ताट घेऊ. रात्रीच्या जेवणात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, बटाट्याची भाजी, भाताची मूद आणि पातळ वरण. एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरा, त्यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं. वाटीभर शिजलेल्या भातातही तेवढीच. दोन फुलक्यांतही तेवढीच. म्हणजे एक भाकरी, वाटीभर भात आणि दोन फुलके हे एका तोलाचे आहेत, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. या ताटात दीडशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं झाली आणि प्रथिनं वीस-बावीस ग्रॅम, त्यातलीही बरीचशी धान्यातलीच. भाताची मूद काढून तिसरी भाकरी घेणाऱ्याला वाटतं आपण भात सोडला. ताट तेच राहतं.

भाकरीबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण गैरसमज फार आहे. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त असतात, भाकरी सावकाश खाल्ली जाते, पोटाला आधार देते. म्हणून ती चांगली. पण पिठातल्या कॅलरी गव्हाच्या पिठाएवढ्याच असतात. वजन उतरायचं ते भाकऱ्या किती यावर ठरतं. गुळाचंही तेच. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून चहा औषध होत नाही, शरीराला दोन्ही जवळजवळ सारखेच.

मी ताटात सुचवते ते असं. भाकरी किंवा भात यांपैकी एक, मगाशी सांगितलेल्या तोलाचा एक भाग. भूक मोठी असेल, अंगमेहनतीचं काम असेल तर दीड. उसळ किंवा घट्ट वरण दोन वाट्या. मटकी, मूग, हुलगे, चवळी, वाल, हरभरा, आपल्याकडे वाण कमी नाहीत. पिठलं करा, पण पळीभर तेलाची फोडणी न घालता. एक पळी तेल म्हणजे १२० कॅलरी सहज, अर्ध्या वाटी भाताहून जास्त. सामिष खाणाऱ्यांनी बांगडा, बोंबील, अंडी, चिकन यांचा तुकडा मोठा घ्यावा आणि रश्श्यात बुडवून खायची भाकरी मोजावी. पालेभाजी किंवा फळभाजी दोन वाट्या. काकडी, मुळा, गाजर, कोबीची कोशिंबीर. वाटीभर दही किंवा ताक. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणजे ६५ किलोच्या बाईला ६५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. हिशेब करून पाहा, बहुतेक घरांत निम्म्यावरच गाडी थांबते. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

खाण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि शेवटी भात-भाकरी असं खाल्लं तर तेच जेवण रक्तातली साखर कमी उसळवतं. आपल्याकडे मात्र ताटावर बसल्या बसल्या गरम भाकरीचा तुकडा मोडायची घाई असते.

नाश्त्याला पोहे खाऊ नका असं मी कधीच सांगत नाही. वाटीभर पोह्यांत वाटीभर मोड आलेली मटकी, मटार, गाजर, बरोबर दही किंवा अंडं. नुसते बशीभर पोहे आणि वर शेव हा मात्र दुपारी बाराला भूक लावणारा नाश्ता आहे. मुगाचं धिरडं त्याहून उत्तम.

चहाचा हिशेब लोकांना नेहमी धक्का देतो. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलो साखर. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दोन्ही चमचे एकदम सोडू नका. दर आठवड्याला अर्धा अर्धा कमी करा, जीभ महिन्याभरात सरावते. उसाचा रस, फळांचा रस, कोल्ड्रिंक ही द्रवरूप साखर पोटाला कळतच नाही. फळ चावून खा.

उपवासाबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. साबुदाण्यात कर्बोदकांशिवाय जवळजवळ काही नसतं. दाण्याचं कूट, तूप, बटाटा घालून केलेली एक बशी खिचडी ५०० कॅलरींच्या घरात जाते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यातले दहा-बारा दिवस असे जाणाऱ्या बायका मी बघते. त्यांना वाटतं आपण तर उपाशी असतो, तरी वजन का वाढतं? श्रद्धा सोडायचं काहीच कारण नाही. ताक, दूध, दही, पनीर, राजगिरा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, एखादं फळ, काकडी यांवरही उपवास नीट होतो. वरईचा भात खायचा तर वाटीभर आणि दाण्याच्या आमटीबरोबर.

जेवणानंतर चाला. शतपावली हा शब्द आपल्याकडे आहेच, फक्त शंभर पावलं एका मिनिटात संपतात. ती हजार-दीड हजार करा, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे इन्सुलिन रोध असलेल्यांना याचा फार उपयोग होतो. याशिवाय आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण द्या : खुर्चीवरून न धरता उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जमत असतील तर सूर्यनमस्कार. स्नायू हाच जेवलेल्या साखरेचा सर्वांत मोठा साठा आहे. आहार तोडून नुसतं वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

अपेक्षा आठवड्याला अर्ध्या किलोची ठेवा. काटा रोज बघू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन करा आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. काटा हलला नाही पण कंबर दोन सेंटीमीटर उतरली तर काम चालू आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७० किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे पाच किलोही नाहीत.

आता एक सावधगिरी, आणि ही जपून वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यानं भात-भाकरी एकदम तोडली आणि औषधाचा डोस तोच ठेवला तर साखर ७० च्या खाली जाऊन चक्कर, घाम, बेशुद्धी येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कर्बोदकं जवळजवळ बंद केली तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, आणि त्या वेळी साखर फार वाढलेलीही नसते. अशांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, डोस बदलून घ्यावा, मगच ताट बदलावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याबद्दल मनात सतत भीती असणाऱ्यांनी असे प्रयोग करूच नयेत.

पहिल्या भेटीनंतर त्या ताईंना मी आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहायला सांगितलं होतं. वही वाचली आणि मला त्यांच्या वजनाचं कारण सापडलं. रात्री सगळ्यांना वाढून त्या साडेनऊला एकट्या जेवायच्या. तोवर उसळ संपलेली, अंडी मुलांना गेलेली, कोशिंबिरीचं पाणी उरलेलं. भांड्यात शिल्लक असायचा भात, डब्यात दोन भाकऱ्या. टाकायचं जिवावर येतं म्हणून त्या तेच जेवायच्या, वर्षानुवर्षं. भाताची हाव त्यांना कधीच नव्हती.

वजन उतरवायला निघालेली बाई घरात असेल, तर तिच्यासाठी वेगळा डाएट शिजवू नका. सगळ्यांसाठी उसळ थोडी जास्त टाका आणि वाढायला घेण्याआधी तिची वाटी बाजूला काढून ठेवा.